खुणेचे दगड

पारनेरच्या पुढच्या पठारावर माती नावाला आहे. जिकडे बघावं तिकडे काळा कातळ, तव्यासारखा सपाट. भेगेत मूठभर माती साठली तर तिथे कुसळ उगवतं, खोलगट जागी चार बोटं पाणी थांबलं तर चिवळ पसरते, आणि दिवाळी सरली की सगळं करपून पुन्हा नुसता कातळ. परका माणूस हमखास विचारतो, इथं आहे तरी काय? राहीबाईला हा प्रश्न ऐकून मनात हसू यायचं. काय आहे ते तिला ठाऊक होतं, आणि ती सांगणार नव्हती.

त्या भेगांमध्ये खरपुडी होती. श्रावणात दोऱ्याएवढा वेल येतो, त्याला वातीएवढं जांभळट फूल, आणि खाली तळहातात मावेल असा कंद. कच्चा खाल्ला तर भूक भागते. बाळंतिणीला उकडून घातला तर दूध उतरतं, असं राहीबाईची सासू सांगायची. पण वेल एकदा वाळला की वर काडीसुद्धा दिसत नाही. उन्हाळ्यात कंद हवा असेल तर श्रावणातच खूण करावी लागते. राहीबाई वेलाशेजारी दगडावर दगड रचून ठेवायची.

ही खूण कुणाला सांगायची नाही, पोटच्या पोरालाही नाही. सांगितली जागा ती गेली जागा. सासूनं सुनेला सांगायचं, तेही सुनेचं पहिलं मूल जगल्यावर. तोवर ती घरात मुरली असं कोण म्हणणार? अशी ही घरातली रीत. कोणी घातली देव जाणे, पण शहाण्यानं घातली नसावी.

राहीबाईच्या सुनेची, ठकूची, दोन मुलं गेली होती. तिसऱ्या खेपेला मुलगी झाली ती बहात्तरचा पावसाळा कोरडा गेल्यानंतरच्या फाल्गुनात. यमाची दृष्ट लागू नये म्हणून तिचं नाव दगडाबाई ठेवलं. दगडाला कोण नेतंय? घरात सगळे दगडी म्हणू लागले. पोर गोरीगोमटी, मूठ घट्ट आवळून झोपायची.

घरात तेव्हा रेशनवरच्या लाल मिलो ज्वारीच्या भाकरीशिवाय काही नव्हतं. शेळी आधीच बाजारात गेलेली. राहीबाईनं स्वतः उपास काढले, पण खरपुडीला हात लावला नाही. ठकूला पहिले काही दिवस दूध होतं. राहीबाईनं विचार केला, उन्हाळा अजून पुढं आहे, आत्ताच कशाला उकरा? जपून ठेवण्याची सवय गरिबाला फार असते.

पठारावरून दुष्काळी कामाचा रस्ता निघाला. राहीबाईचा मुलगा पुंजाराम आणि ठकू खडी फोडायला जात. दगडीला तिथेच कातळावर निजवत. भेगेत काठी रोवून वर लुगड्याची चिंधी बांधायची, तेवढीच सावली. राहीबाई दिवसभर लांबच्या विहिरीवर पाण्याच्या रांगेत असे.

चैत्रात ठकूचं दूध आटलं. पारनेरच्या डॉक्टरनं तपासलं आणि म्हणाला, "बाईला खायला घाला." काय घालायचं, ते त्यानंही सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे राहीबाई पहार घेऊन कातळावर गेली. उजाडलं, ऊन वर आलं, तरी तिला एकही खूण दिसेना. सगळा कातळ झाडून घेतलेल्या अंगणासारखा स्वच्छ. ती तशीच कामावर गेली आणि मुलाला विचारलं, "पुंजा, हितलं दगड कुठं गेलं?"

पुंजारामनं खडीच्या ढिगाकडे बोट केलं. तो खूश होता. "आगं आई, आयतंच रचलेलं हुतं कुनीतरी. येचायचा तरास वाचला."

ओरडावं असं राहीबाईला वाटलं, पण ओरडून काय सांगणार होती? त्यानं काय केलं होतं? दगड वेचले होते. तोंडाला कुलूप घालून बसली होती ती.

मग ती रोज कातळावर जाऊ लागली. दिसेल त्या भेगेत पहार घाली. आठवणीनं जागा काढू बघे, पण खूण नसली की सगळ्या भेगा सारख्या. कामावरच्या बाया हसत, "म्हातारी कातळात हीर पाडतीया." एकदा एक कंद लागला. उंदरानं आतून पोखरलेला, नुसती साल. राहीबाई ती साल हातात घेऊन ढसाढसा रडली.

दगडी वैशाखात गेली. शेवटी शेवटी तिची मूठ आपोआप उघडायची.

त्या साली मात्र पाऊस झाला. रस्ता केव्हाच पुढे सरकला होता. श्रावणात राहीबाई आणि ठकू चिवळीची भाजी खुडायला पठारावर गेल्या, आणि राहीबाईचे पाय जागीच थांबले. दगडीच्या सावलीची काठी अजून भेगेत उभी होती, वर चिंधीही होती. काठीला वेल चढला होता, टोकापर्यंत. त्याला फुलं लागली होती.

पोरीला निजवायला पुंजारामनं जागा साफ केली होती. तिथले दगडसुद्धा त्यानंच उचलले होते.

"आत्याबाई, ह्ये कशाचं फूल वो?" ठकूनं विचारलं.

राहीबाईला खोटं बोलता आलं असतं. आता तेवढं बळ उरलं नव्हतं. तिनं सगळं सांगितलं: कंद, दूध, खूण, पुंजारामनं वेचलेले दगड.

"पोरीच्या उशालाच हुतं म्हना," ठकू म्हणाली. "मला आदी का न्हाई सांगितलं?"

"पोर जगल्यावर सांगायचं आसतं, बाई," राहीबाई म्हणाली, आणि आपण काय बोललो ते तिलाच ऐकवेना.

ठकूनं चिंधी सोडून कमरेला खोवली, काठी हलवून हलवून उपटली. वेल तटातटा तुटला.

"चुलीला व्हईल," ती म्हणाली आणि काठी खांद्यावर टाकून घराकडे चालू लागली.

कंद भेगेत तसाच राहिला. राहीबाईनं तिथे दगड ठेवला नाही.