धोंडाबाई अजून कोरडीच

धोंडाबाईचा बाप्तिस्मा ती अंगावर पीत होती तेव्हाच आमच्या मेथडिस्ट सभेत झाला होता. पण तिचा लेक किशनराव मोठेपणी स्वतःची वेगळी मंडळी काढून बसला. त्याचं म्हणणं, कपाळावर पाणी शिंपडून बाप्तिस्मा होत नाही, माणूस आख्खा बुडाला पाहिजे. म्हणजे जन्मभर आमच्या बाकावर बसलेली त्याची आई त्याच्या लेखी अजून कोरडीच! माझे मालक अमृतराव त्या सभेचे पाळक. त्यांना हे फार लागलं होतं. ते बोलत नसत, म्हणून त्यांच्या वाटचंही मीच बोलायची.

वस्ती आमची मुरूडच्या अलीकडची. उंबरे मोजके, आणि त्यात तीन चर्च. एक आमचं, एक किशनरावाचं पत्र्याचं, आणि एक कॅथलिकांचं, जिथे गोव्याकडचे एक फादर असत. नातीगोती सगळी एकच, पण एकमेकांच्या प्रभुभोजनातल्या भाकरीला कुणी तोंड लावत नसे. किशनरावानं पत्र्याच्या खोलीमागे बाप्तिस्म्यासाठी सिमेंटचा हौद बांधला होता, बाहेरून कट्ट्यावर चढायला आणि आत उतरायला पायऱ्या असलेला. त्या ईस्टरला त्यात धोंडाबाईला बुडवायचं ठरलं होतं. गंमत म्हणजे हट्ट तिचाच होता. गुडघे गेलेले, चार पावलं टाकली की दम लागायचा, तरी भेटेल त्याला सांगायची, "मरायच्या आदी एकदा बुडायचं हाय मला."

मी चिडवायची, "मावशी, आमचं पाणी कमी पडलं काय?" ती दात नसलेलं तोंड उघडून हसायची. माझा जीव होता तिच्यावर, म्हणूनच राग जास्त यायचा.

त्या वर्षी पावसानं दगा दिला. संक्रांतीपासूनच गावात टँकर सुरू झाला. तो गावच्या विहिरीत रिकामा व्हायचा, आणि विहिरीवर आमच्या बायांनी घागर बुडवायची नाही. कायदा काय म्हणतो ते सगळ्यांना पाठ होतं, विहिरीवर मात्र गावातल्या मोठ्या घरच्या शेषेरावांचा गडी उभा असे. आम्ही खाली घागरी मांडून बसायचं, त्याला वेळ झाला, मन झालं, तर तो वरून ओतणार. कधी अर्धी घागर, कधी नुसत्या शिव्या.

एके दिवशी आमच्या वस्तीतल्या गुणाबाईची पोर उन्हात वाट बघून चक्कर येऊन पडली. त्या संध्याकाळी पहिल्यांदा तीन चर्चचे तिघं, माझे मालक, किशनराव आणि फादर, एका बाजेवर बसले. लातूर तेव्हा नुकतंच जिल्हा झालं होतं. पूर्वी गाऱ्हाणं घेऊन उस्मानाबादला जावं लागायचं, आता कलेक्टर कचेरी एसटीच्या एका दमात आली होती. तिघं मिळून निघाले. मुरूडच्या स्टँडवर भजी घेतली, तर त्यावर तिघांनी तीन निराळ्या प्रार्थना केल्या आणि भजी गार झाली. हे मला मालकांनीच सांगितलं, आणि सांगताना चक्क हसले.

कचेरीतल्या साहेबानं ऐकून घेतलं. वस्तीला वेगळा टँकर देतो म्हणाला, पण ओतायला पक्का हौद पाहिजे, आणि तो याच आठवड्यात, नाहीतर टँकर दुसऱ्या गावाला. वस्तीत पक्का हौद एकच होता. पिण्याचं पाणी एकदा भरलं की त्यात माणूस उतरणं बंद, आणि त्याआधी घाईनं बुडवावं तर बुडण्याइतकं पाणी आठवड्यात जमणार नव्हतं. ईस्टर दोन आठवड्यांवर आलेला, आणि पाऊस लागेपर्यंत धोंडाबाई टिकेल असं कुणालाच वाटत नव्हतं.

किशनराव परतला तो हौदाचं नावही न काढता घरात शिरला. मी त्याला चार शब्द सुनवायचे म्हणून त्याच्या घरी गेले, तर तो आईच्या पायाशी बसून लेकरासारखा रडत होता. "आई, मधीच तुला काय झालं तर? तशीच जाशील का गं?"

"गुणाबाईच्या लेकराला घोटभर पाणी न्हाई, आन् म्या पाण्यात बसू व्हय?" धोंडाबाई म्हणाली. "भरू दे हौद."

ठरवून आणलेलं माझं सगळं भाषण मी गिळलं आणि तिच्यासाठी चूल पेटवली.

हौद साऱ्याजणींनी मिळून घासला. तिन्ही चर्चची मिळून कमिटी झाली, तिनं ठरवलं की पाणी स्वच्छ राहावं, भांडणं होऊ नयेत, म्हणून हौदाच्या कट्ट्यावर तिघं धर्मसेवक उभे राहतील आणि बादलीनं घागरी भरून देतील. बायांनी खाली रांगेत थांबायचं, हौदाला कुणी हात लावायचा नाही. मीही मोठ्या उत्साहानं हात वर केला होता. तिघं सेवा करणार म्हणून मला कोण कौतुक!

टँकर आला, हौद भरला. पहिला मान धोंडाबाईला. तिनं घागर पुढं धरली, किशनरावानं वरून बादली कलती केली, आणि तिनं घागर मागं ओढली. धार सगळी मातीत.

"मावशी, पाणी!" मी ओरडलेच.

"किशन्या," ती वर बघत म्हणाली, "त्या हिरीवर काय होतं रे? गडी वरी, म्या खाली. त्यानं वतायचं, म्या घागर धरायची. जलमभर असंच पाणी घेतलं. देवाच्या घरात बी ते वरूनच पडलं." इथं तिनं माझ्या मालकांकडे पाहिलं, पण त्या पाहण्यात राग नव्हता. "म्हणून बुडायचं होतं मला. एकदा तरी आपुन पाण्यात जावं, कुनी वतायला नगं. ते ऱ्हायलं, ऱ्हाऊ दे. पन तुमी तिघं बी वरीच जाऊन हुबे ऱ्हायलाव?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. इतकी वर्षं तिची चेष्टा केली, आणि 'का गं मावशी' एवढं विचारायचं मात्र सुचलं नव्हतं.

माझे मालक आधी खाली उतरले. मग झगा सावरत फादर. किशनरावानं बादली ठेवली, आईला हात दिला आणि एकेक पायरी करत कट्ट्यावर चढवलं. तिनं लुगड्याला हात पुसले, वाकली आणि घागर हौदात घातली. पाणी कोपरापर्यंत आलं, मग चोळीच्या बाहीपर्यंत. ती तोल जाऊन पडू नये म्हणून किशनरावानं मागून तिची कंबर धरली होती. एवढी मोठी रांग, पण कुणी आवर म्हणेना.

"भरली का, आई?" किशनरावानं हळूच विचारलं.

"भरली की, कवाच," धोंडाबाई म्हणाली, आणि हात काही बाहेर काढेना.