पाठमोरा येसू

कडावचा धाकलू डावखुरा होता. तो दांडपट्टा फिरवायला लागला की चार हातांच्या आत कुणी उभं राहत नसे. सेहेचाळीसच्या उन्हाळ्यात मुंबईची एक सिनेमा कंपनी डोंगराच्या पायथ्याशी उतरली, तेव्हा तिच्या मालकानं त्यालाच बोलावून घेतलं. सिनेमा येसू पटाईताचा होता. एकट्यानं घाट अडवून धरणारा येसू आणि त्याची वाट बघत बसलेली हिरू, ही गोष्ट त्या भागात घरोघर सांगत. नटाला पट्टा पेलेना. मग चेहरा नटाचा आणि लढाई धाकलूची, असं ठरलं.

उरलेल्या कामासाठी कंपनीनं त्याला मुंबईला नेलं. "भाताच्या कापणीला येतो," असं बायकोला, सुंदराला, सांगून तो गेला. तिकडं त्याला ताप भरला आणि कापणीच्या आधीच तो गेल्याचा निरोप आला. सगळं तिकडंच उरकलं होतं. सुंदराला आणि तिच्या सासूला, भागूबाईला, त्याचं तोंडसुद्धा बघायला मिळालं नाही.

पुढच्या वर्षी कर्जतला तंबूत तो सिनेमा लागला. दोघी बैलगाडीनं गेल्या.

"कुठं हाय गं माझा धाकलू?" भागूबाई सारखी विचारत होती.

घाटातली लढाई सुरू झाली. पडद्यावर एक पाठ आली, रुंद, जराशी डावीकडं झुकलेली. सुंदरानं ती ओळखली. त्या पाठीला तिनं कितीदा तेल चोळलं होतं.

"आत्याबाय, ते पाठमोरे हायेत ना, तेच."

म्हातारी उठून उभी राहिली. "धाकलू! अरं वळ रं, इकडं बघ!"

माणसं हसली. आणि पडद्यावरचा येसू खरंच वळला. चेहरा नटाचा होता. भागूबाई मटकन खाली बसली.

गोष्टीतला येसू घाटातच पडतो. सिनेमात मात्र तो घरी आला, हिरूनं त्याच्या पायांवर पाणी घातलं आणि तंबूतल्या बायका डोळे पुसू लागल्या. सुंदरा कोरड्या डोळ्यांनी त्या ओल्या पायांकडं बघत राहिली.

परतताना गाडीत म्हातारी म्हणाली, "गोष्टीत तर तो येत नाय."

"ह्या सिनेमावाल्यांनी आणला," सुंदरा म्हणाली.

म्हातारीनं पदर डोक्यावरून पुढं ओढून घेतला.

"मग उद्या पुन्ना जाऊ."

तंबू आणखी आठ दिवस होता. आठही दिवस दोघी गेल्या. म्हातारीला लढाई पाठ झाली. पट्टा तिसऱ्यांदा फिरला की ती सुनेचा हात दाबायची, मग दोघी डोळे मिटून घ्यायच्या, आणि तो वळायचा.