बदकाच्या पोटातले काका

आत्याचं आपल्या धाकट्या भावाविषयी मत आधीपासूनच फारसं बरं नव्हतं. पण रविवारी सकाळी त्याने बदकाचं पोट फाडलं आणि जे काही उरलंसुरलं होतं तेही गेलं.

बदक शाळेचं होतं. कापसाचं, पिवळं, लाडाने एका बाजूला मान कलंडलेलं. त्याच्या मुलीच्या, भिंगरीच्या वर्गात मँडरिन शिकवायला येणाऱ्या बाईंनी पहिल्याच दिवशी पोरांना सांगून टाकलं होतं, की याला आपली भाषा अजिबात येत नाही. चिनीत बोललात तर ऐकेल, नाहीतर झोपून जाईल. झालं. ती पाच-पाच वर्षांची पोरं बदकाला जागं ठेवायला जिवाचं रान करू लागली. बाई चुका काढत नसत, आणि बदक तर त्याहून नाही. दर शुक्रवारी ते एकेका पोराच्या घरी मुक्कामाला जाई आणि सोमवारी परत येई. घरच्यांनी करायचं काहीच नव्हतं, पोर आणि बदक यांच्या मधे यायचं नाही, इतकंच.

पण इतकं साधं काम दिलं की भिंगरीच्या आईबापांना आपला अपमान झाल्यासारखा वाटे. दोघंही शिकलेले, आणि किती शिकलेले, ते ओळख झाल्यावर तिसऱ्या वाक्यात सांगणारे. त्यांच्या घरात फ्रिजवर, दारावर, आरशावर, इतकंच काय संडासाच्या टाकीवरही चिनी अक्षरांच्या चिठ्ठ्या डकवलेल्या होत्या. त्यातली एकही त्या दोघांना वाचता येत नसे. पाहुण्याने कौतुकाने विचारलंच, तर बाप मोबाइल काढून चिठ्ठीसमोर धरी आणि मग फ्रिजवर 'फ्रिज' असंच लिहिलंय हे कळे. जेवण झालं की भिंगरीला सोफ्यापुढे उभं करायचे. "काकांना एक ते वीस म्हणून दाखव." ती नळ सोडल्यासारखी म्हणून टाकी आणि पळून जाई.

आत्याचं दुकान त्याच इमारतीत, तळमजल्यावर. कपडे आखूड करणं, सैल करणं, चेन बदलणं. सुट्टीच्या दिवशी भिंगरी तिथे कटिंगच्या टेबलाखाली चिंध्यांत बसे. या शनिवारी तिथे बदकही आलं होतं. दिवसभर खालून चिनी ऐकू येत होतं. आत्याला ओ की ठो कळलं नाही, पण बदक आंघोळीला नाही म्हणतंय आणि त्याची काही धडगत नाही, हे मात्र नीट कळलं. दटावणी कुठल्याही भाषेतली असो, कळते.

संध्याकाळी भाऊ तिला न्यायला आला, आणि टेबलापाशी वाकून त्याने थोडं ऐकलं.

"उच्चार गडबडतायत," तो म्हणाला.

"तुला कळतात?"

"कळायचा प्रश्न नाही गं ताई. आणि हे बदक नुसतं ऐकतंय. संवाद कुठे होतोय?"

"मग काय, बदकाने भाषण करायला हवं?"

तिने हे आपलं गमतीत म्हटलं होतं. पण याच्यापुढे गंमत करताना जपून करावी, कारण हा ती अमलात आणतो.

रविवारी सकाळी त्याने बाथरूममध्ये गाणी ऐकायचा छोटा स्पीकर बदकाच्या पोटात बसवला. इंटरनेटवरच्या कुणा चिनी शिक्षकाची वाक्यं मोबाइलवर उतरवून घेतली. बायकोने भिंगरीला इस्त्रीचा फ्रॉक घातला, सोफ्यावर बदक ठेवलं, कॅमेरा धरला. भिंगरी बदकाला "नी हाव" म्हणाली. बापाने बटण दाबलं, आणि बदक बातम्या देणाऱ्या माणसाच्या आवाजात खडसावून काहीतरी बोललं.

भिंगरी सोफ्यापासून मागे मागे सरकली आणि जिना उतरून थेट टेबलाखाली येऊन बसली.

तिच्यामागोमाग भाऊही आला. बदक बगलेत, पोटातून कापूस लोंबतोय.

"ताई, एवढं शिवून दे. उद्या शाळेत द्यायचंय. स्पीकर आतच राहू दे, बाई खूश होतील."

आत्याने त्याच्याकडे पाहिलंही नाही. ती गुडघे धरत खाली वाकली. "काय झालं गं?"

"ते माझं बदक नाहीये. त्याच्यात काका आहेत."

"काय म्हणाले काका?"

"चूक. परत म्हण."

आत्याने मान वळवली. "असं म्हणालं ते?"

भाऊ मोबाइलकडे बघत होता. "बहुतेक असेल. सरावाचा धडा होता."

म्हणजे आपण पोरीला काय ऐकवलं, हे त्या शहाण्याला ठाऊकच नव्हतं. कळलं ते तिला एकटीला.

"मी उद्या शाळेत जाणार नाही," भिंगरी म्हणाली. "मला चिनी येतच नाही."

हे ऐकून मात्र आत्याने बदकासाठी हात पुढे केला. काल आख्खा दिवस बदकाला न्हाऊ घालणारी ही पोर. आज हे असंच राहिलं, तर पुढे तिचं चिनी संडासाच्या टाकीवर चिकटून राहणार, आणि कुणी विचारलं की एक ते वीस.

तिने बदक घेतलं, कात्रीने आणखी दोन-चार टाके उसवले, स्पीकर बाहेर काढला आणि टेबलाखाली धरला. "हे तुझे काका."

"अगं, काढलास कशाला? मोबाइलशी छान पेअर झाला होता," भाऊ म्हणाला.

"तुझ्या पोटात बसवते. तू काय बोलतोस ते तुला तरी कळेल."

भिंगरीने स्पीकर उलटासुलटा करून पाहिला. मग बदकाच्या पोटात मनगटापर्यंत हात घातला आणि बराच वेळ चाचपत राहिली.

"अजून कुणी आहे?" आत्याने विचारलं.

"कापूस."

"बघ नीट."

"कापूसच आहे." ती जरा पुढे सरकली. लोंबणारा कापूस तिने स्वतः आत कोंबला. आत्या टाके घालू लागली. पहिली सुई आत गेली तशी भिंगरीने बदकाच्या कानाशी लागून चिनीत काहीतरी सांगितलं. अगदी हळू.

भावाचा हात खिशाकडे गेला. "मोठ्याने, बेटा. इकडे कॅमेऱ्याकडे बघून."

भिंगरी गप्प झाली.

आत्या उठली. भावाच्या कोपराला धरून तिने त्याला दुकानाबाहेर नेलं आणि आत येऊन शटर अर्धं ओढलं. तो इंजिनिअर होता आणि घरात कुणी त्याला असं बाहेर काढत नसे, म्हणून तो नुसता उभाच राहिला.

तेवढ्यात भावजय वरून मोबाइल हलवत उतरली. शटरखालून तिच्या चपला दिसल्या.

"अहो, मी व्हिडिओ वर्गाच्या ग्रुपवर टाकला ना, सगळ्यांना फार आवडला. पुढच्या शुक्रवारी ज्यांच्याकडे बदक जाणार आहे, त्या विचारतायत स्पीकर कुठला."

"थांब, लिंक पाठवतो," भाऊ म्हणाला.

"आणि पोट कुठून उघडलं, तेही विचारतायत."

आत्या मशिनपाशी आली. घातलेले टाके तिने पुन्हा उसवले, आणि बॅगांचे पट्टे शिवायचा मेणाचा जाड दोरा काढून दुहेरी ओवला. बदकाच्या पिवळ्या पोटावर तो काळा दोरा भयाण दिसत होता. दिसू दे. हे पोट आता फाडायचं तर आख्खं बदकच फाडावं लागलं असतं, आणि ते न करण्याइतकी लाज त्या ग्रुपात कुणाकुणाला असेल, अशी तिने आशा केली. फार नाही, थोडी.

टेबलाखाली भिंगरी पुन्हा बोलायला लागली होती. बदक तिच्या मांडीवर, दोऱ्याचं टोक आत्याच्या हातात. काय चाललंय, हे आत्याने विचारलं नाही. पोरीने बदकाची मान हलवली की ती दोरा जरा सैल सोडत होती.