चौथं बटण

साहेब, तुम्ही खोटं लिहिलंत. चुकून नाही, घाईत नाही. पेन टेकवून, खाली सही ठोकून खोटं लिहिलंत. "मुलांना कोणतीही मदत केली जात नाही. मुले वेळ खेळण्यात घालवतात. कर्मचारी उर्मट आहे." त्याखाली हुकूम, की महिनाअखेरीस खोली रिकामी करून तिथे जुन्या फायली ठेवाव्यात. दवाखान्याच्या शिपायाने तो कागद दारावर चिकटवला तेव्हा मी शेजारीच उभा होतो. डिंक लावता लावता तो म्हणाला, "मास्तर, मला शिव्या देऊ नका. मी नुसता चिकटवतो."

दिल्या नाहीत. तुमच्यासाठी राखून ठेवल्यात.

तुम्ही आलात त्या मंगळवारी खोलीच्या कोपऱ्यात गळ्यात टेप घालून एक माणूस बसला होता, तो मी. धंद्याने टेलर. खुर्चीवर बसलेली मुलगी माझी. आठ वर्षांची आहे. घरी आम्ही तिला मुंगी म्हणतो, कारण चालते हळू आणि थांबत नाही. ती दिवस भरायच्या बरीच आधी जन्मली. डावा हात तेव्हापासून आखडलेला, मूठ मिटलेली. उजवा हात चांगला आहे, पण तो एकटा पडतो. बटणाला दोन हात लागतात, साहेब. एक काज धरायला, एक बटण ढकलायला. तुम्ही दिवसातून कितीदा हे करता, तुम्हाला आठवतही नसेल.

मग मी काय केलं? तिच्या सगळ्या कपड्यांना इलॅस्टिक घातलं, पुढून आत वेल्क्रो लावला आणि वरून खोटी बटणं शिवली. इतक्या सफाईने, की माझ्या मेव्हण्यालाही कळलं नाही, आणि तो आयुष्यभर काजंच करत आलाय. टेलरची पोर आणि तिला बटण लावता येत नाही, हे गिऱ्हाइकांना दिसायला नको ना! तोंडाने म्हणायचो, पोरीसाठी करतोय. करत होतो स्वतःसाठी.

शाळेने मात्र पकडलं. मुख्याध्यापिका म्हणाल्या, "मुलगी हुशार आहे हो. पण खेळाच्या तासाला शर्ट बदलायचा असतो. पाच बटणं. हिचा कोण बदलणार? आमच्याकडे तेवढी माणसं नाहीत. स्वतःचं स्वतः करायला लागली की घेऊन या."

म्हणून आम्ही तुमच्या दवाखान्यातल्या लांब बोळाच्या टोकाला आलो. दारावर पाटी होती, 'व्यवसायोपचार विभाग'. आत एक बाई फरशीवर गुडघे टेकून बसलेल्या. बुटक्या, रुंद, केसांत पेन्सिल खोचलेली, गुडघ्यांना जाड रबरी पट्टे. एकोणीस वर्षं त्या फरशीवरच काम करतात, हे मला नंतर कळलं. दवाखान्यात त्यांना सगळे 'खेळवाल्या बाई' म्हणतात. त्यांच्या हाताखाली कोणी नाही. वरती मात्र तुमच्यासारखे बरेच आहेत.

मी विचारलं, "बाई, पाटी वाचली. आठ वर्षांच्या पोरीला कसला व्यवसाय?"

"का बरं? कपडे घालायचे, घास तोंडापर्यंत न्यायचा, दप्तर भरायचं, खेळायचं, भांडायचं. तुमच्यापेक्षा जास्त कामं आहेत तिला. बसा."

त्यांनी मुंगीच्या शर्टाला हात लावला आणि आवाज झाला, चर्रर्र.

"हे काय?"

"वेल्क्रो."

"आणि ही बटणं?"

"शोभेची," मी म्हणालो.

बाईंनी शिलाईवरून बोट फिरवलं. "मास्तर, काम फार सुरेख आहे."

मी फुगलो.

"आता घरी जाऊन सगळं उसवा."

घरी उसवायला बसलो तर बायको समोर येऊन उभी. "तीन वर्षं मी वेगळं काय सांगत होते? माझं ऐकलं नाहीत. माझ्या केसांत पेन्सिल नव्हती ना!"

पहिले दोन महिने बाईंनी शर्टाच्या बटणाचं नावही काढलं नाही. आधी मुंगीच्या पायांखाली एक लाकडी खोकं सरकवलं. "पाय लोंबकळले की पोराचं सगळं लक्ष न पडण्यात जातं," त्या म्हणाल्या. "पाय टेकले की हात मोकळे." मग अस्वलासारखं हातापायांवर चालायचं, कारण तळव्यावर भार आला की आखडलेली मूठ उघडते. बादलीच्या काठाला कपड्यांचे चिमटे लावायचे. पत्र्याच्या डब्याच्या झाकणाला चीर पाडून आत बटणं टाकायची. टण्ण. टण्ण. तुम्ही ज्याला खेळ म्हणालात ना, तो हा. मी करून पाहिला. मोठा माणूस अस्वल होऊन खोलीच्या दोन फेऱ्या मारतो तेव्हा त्याला कळतं की हा खेळ नाही. दुसऱ्या दिवशी मला कात्री उचलवेना.

"डाव्याने बटण लावायचं नाही," बाई मुंगीला सांगत. "डाव्याने फक्त धरायचं. धरणं हेसुद्धा काम आहे."

मग मला कामाला लावलं. सरावाचा शर्ट शिवायचा, बाटलीच्या झाकणाएवढी बटणं, ऐसपैस काजं. दर पंधरा दिवसांनी बटण लहान, काज घट्ट. मोठमोठ्या लोकांचे सूट शिवलेत मी, पण कोणी कपडा परत पाठवला नव्हता. या बाईंनी तीनदा पाठवला. "काज अजून एक सूत मोठं, मास्तर. तिला हरवायचं नाहीये आपल्याला."

शिकवायची तऱ्हाही उलटी. बाई बटण काजातून अर्धं बाहेर काढून ठेवत आणि म्हणत, "ओढ." मुंगी ओढायची. झालं! लागलं! शेवट नेहमी तिचा. मग शेवटाच्या आधीचं तिचं. मग त्याच्याही आधीचं. म्हणजे प्रत्येक वेळी पोर जिंकूनच उठतं. मला चौदाव्या वर्षी मशीनवर बसवलं तेव्हा कोणाला हे सुचलं असतं, तर माझा एक कान दुसऱ्यापेक्षा लांब झाला नसता.

सगळ्यात अवघड काम घरी होतं, आणि ते माझं होतं. बाईंनी सांगितलं, "ती बटण लावत असेल तेव्हा हातांवर बसा."

"म्हणजे?"

"म्हणजे हात मांडीखाली घाला आणि वर बसा."

पहिल्या दिवशी बावीस मिनिटं लागली. माझा चहा गार झाला, मांडीखाली बोटं बधिर झाली, आणि बायकोने मागून माझी कॉलर धरून ठेवली होती. "उठाल तर याद राखा." पाचवं बटण लागलं तेव्हा मुंगी म्हणाली, "बाबा, तुम्ही का घामेजलात?"

चौथ्या महिन्यात खरा शर्ट, खरी बटणं आणि नऊ मिनिटं.

आणि मग तुम्ही तपासणीला आलात.

तुमच्या मागे फायली धरलेले दोघे. मुंगी खुर्चीवर, पाय खोक्यावर. तिने सुरुवात खालून केली, कारण खालची बटणं दिसतात, वरची हनुवटीखाली लपतात. पहिलं लागलं, दुसरं लागलं, तिसरंही लागलं. चौथं काजात तिरकं अडकलं. तिची जीभ बाहेर आली. ती बाहेर आली की समजायचं, बटण आत जाणार. तुम्ही घड्याळ पाहिलंत. मग वाकलात, हसलात, आणि ते हसू खरं होतं, हे मी कोणासमोरही सांगेन. "अगं बाळा, दे इकडे," असं म्हणून चौथं बटण फटकन लावलंत आणि पाचव्याला हात घातलात.

बाई फरशीवरूनच म्हणाल्या, "साहेब, हात मागे घ्या."

"अहो, मी मदत करतोय."

"तीच थांबवा."

मुंगीने तुमच्याकडे पाहिलं. मग उजव्या हाताने तुम्ही लावलेलं चौथं बटण काढलं आणि म्हणाली, "हे माझं आहे."

तुमच्या मागचा एकजण फिस्सकन हसला. तुमचे कान लाल झाले. तुम्ही कोट सावरत बाहेर पडलात. भिंतीवरचं घड्याळ माझ्या समोरच होतं. तुम्ही आल्यापासून बरोबर सात मिनिटं झाली होती.

आणखी दोन मिनिटं थांबला असतात तर चौथं लागलेलं पाहिलं असतंत. पाचवंही. खोलीतल्या बाकीच्या पोरांच्या टाळ्या ऐकल्या असत्यात. एका पोराने तर हातातला चमचा टाकून टाळ्या वाजवल्या, आणि त्याला तो चमचा धरायला सहा आठवडे लागले होते.

तुम्ही केलंत ते वाईट नव्हतं, साहेब. तेच मी तीन वर्षं केलं. फरक एवढाच की मी त्याचा अहवाल लिहिला नाही.

आता पुढचं ऐका. मुंगी शाळेत जाते. खेळाच्या तासाला शर्ट बदलायला तिला सहा मिनिटं लागतात. शेजारची मुलगी धांदरट आहे, बटणं भलत्याच काजांत घालते आणि मग रडते. मुंगी तिला म्हणते, "काढ आणि परत लाव. मी बसलेय." हात मांडीखाली घालून बसते, असं तिच्या वर्गशिक्षिकेने सांगितलं. हे मुंगीला कोणी शिकवलं नाही. तिने पाहिलंय.

आणि बाई? त्यांनी दारावरचा तुमचा कागद वाचला. पेन्सिल केसांतून काढली, परत खोचली. मला वाटलं, आता रडतील किंवा ओरडतील. म्हणाल्या, "डिंक भारी लावलाय. सोलताना दाराचा रंग निघेल." आत गेल्या, गुडघ्यांचे पट्टे चढवले. "मास्तर, त्या डब्याच्या झाकणाची चीर जरा मोठी करून द्या. सोमवारी नवं पोर येणार आहे."

"बाई," मी म्हणालो, "महिना शनिवारी संपतोय."

"मला वार कळतात," त्या म्हणाल्या आणि फरशीवर बसल्या.

मी चीर मोठी केली. कानशीने कड घासली, म्हणजे त्या पोराचं बोट कापायला नको.

एक गोष्ट राहिली. तुम्ही खोलीत शिरलात तेव्हाच मला दिसलं होतं की तुमच्या कोटाचं मधलं बटण एका धाग्यावर लोंबतंय. सवयच आहे डोळ्यांना. तुम्ही वाकलात तेव्हा ते टेबलाच्या कडेला अडकून तुटलं आणि खुर्चीखाली घरंगळत गेलं. तपकिरी, चार भोकांचं, चांगल्या मालाचं. टाळ्या थांबल्यावर मुंगीने ते उचललं आणि डाव्या हातात धरून ठेवलं. त्याच हातात, साहेब. मी म्हटलं, पोस्टाने पाठवू. ती म्हणाली, "नको. त्यांचं आहे, त्यांना येऊ दे." आता ते पत्र्याच्या डब्यात आहे.

तर या. शनिवारच्या आत या. पायांखाली खोकं देऊ, म्हणजे हात मोकळे राहतील. नऊ मिनिटं घेऊन या. मुंगीला आता सहाच लागतात, उरलेल्या तीन मिनिटांत मी तुमचं बटण शिवून देतो. काजात मात्र तुमचं तुम्ही घालायचं. आम्ही सगळे हातांवर बसून राहू.

कधी येताय? दिवस आणि वेळ लिहून, खाली सही करून कळवा.