चिंधाच्या नावाच्या मुठी

सोनीचं लग्न झालं ते दोन हजार तेवीस साल, मे महिना. लग्नाच्या गडबडीत बापाचा खोकला कुणी मनावर घेतला नाही. पाठवणीनंतर आठ दिवसांत चिंधाच्या खोकल्यातून रक्त पडलं. सिल्वासाच्या दवाखान्यात कळलं, फुप्फुसात कॅन्सर आहे आणि तो पसरलाय.

"किती दिवस?" त्याच्या बायकोने, तानूबाईने, सरळ विचारलं.

डॉक्टर शैलजा म्हणाल्या, "काही केलं नाही तर दोन-तीन महिने, आजी."

तानूबाई बोटांवर मोजू लागली. सिल्वासाजवळच्या नरोलीत भाड्याच्या खोल्यांत तीस वर्षं काढली, तरी तिने धुळ्याकडच्या कानबाई देवीचा सण सोडला नव्हता. नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसते. घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ गहू घेऊन रोटाचं, म्हणजे प्रसादाच्या जाड पोळ्यांचं, पीठ दळतात. गेलेल्या माणसाची मूठ निघत नाही. त्यात यंदा अधिक श्रावण, कानबाई लांबून ऑगस्टच्या शेवटी गेलेली. तोवर चिंधा पोचला पाहिजे, एवढंच तिला हवं होतं.

"एक औषध आहे," डॉक्टर म्हणाल्या. "फार बारीक कणांत बांधलेलं. नॅनो म्हणतात. केसाच्या जाडीत शेकडो कण मावतील."

चिंधाचा जन्म धाग्याच्या मशीनवर गेलेला. "आमच्या धाग्याहून बारीक? मग तुटत असंल."

"तुटायलाच हवं, बाबा. गाठीत जाऊन सुटलं की औषध कामाला लागतं." मग त्या म्हणाल्या, "पुढे असे कण रक्तात फिरून बिघडलेलं दुरुस्त करतील, माणसं दीडशे वर्षं जगतील, असंही काही लोक म्हणतात. आज मात्र थोडे महिने वाढले तरी खूप."

परतताना रिक्षात चिंधा म्हणाला, "दीडशे वर्षं. म्हणजे माझा आजा, बाप, मी, पोरं, सगळे एका खोलीत. तू रोटाला पोतं दळशील."

"दळीन. भांडी तुमच्या आज्याने घासायची."

दर तीन आठवड्यांनी त्या औषधाचं सलाईन लागे. केस गेले, बोटं बधिर झाली. पण खोकला उतरला, आणि कानबाईच्या रविवारी चिंधा नवा सदरा घालून आरतीला उभा राहिला.

घोळ झाला तो रोटाचा. रोट पुनवेपर्यंत संपवायचा, आणि त्यांच्या घरी तो भाऊबंदांखेरीज कुणाला देत नसत. सोनीसुद्धा आता परक्या कुळातली. मंगळवारी टोपली अर्धी भरलेलीच होती, आणि पुनव बुधवारी. संजू आणि कल्पेश, दोघे मुलगे, खाऊन खाऊन कंटाळले. दुपारी चिंधा पाणी प्यायला उठला, तर तानूबाई ओट्याआड बसून कोरडा रोट गिळत होती.

"काय वं, एवढा रोट उरला कसा? आपण तीन तर पुरुष."

तिने तोंडातला घास गिळला आणि म्हणाली, "तुमच्या नावाने जास्त मुठी घेतल्या."

"किती?"

"एकोणचाळीस."

त्याला हिशेब लागला. त्याला एकसष्ट पुरी झाली होती. शंभराला एकोणचाळीस कमी.

"ती डॉक्टरीण कण मोजते, आणि तू मुठी," तो म्हणाला. "दीडशेच्याच घ्यायच्या ना."

"गव्हाचा डबा संपला."

तो हसता हसता खोकला आणि तिच्याशेजारी खाली बसला. तोंडाला चव नव्हती. तरी त्याने रोट उचलला, पण बधिर बोटांना तो मोडेना. तिने मोडून त्याच्या हातावर तुकडा ठेवला.

"लहान कर," तो म्हणाला. "आणखी लहान. नॅनो."

"गप खा."

बुधवारी दिवस मावळायच्या आत दोघांनी मिळून टोपली रिकामी केली. तिचं पोट चार दिवस दुखलं.

पुढच्या वर्षीच्या कानबाईलाही चिंधा होता. त्या वेळी तो समोर बसून गहू मोजत होता. दिवाळीनंतर औषध लागू पडेनासं झालं. डॉक्टरांनी ते स्पष्ट सांगितलं आणि सलाईन थांबवलं.

चिंधा नरोलीच्या खोलीत, तानूबाई जवळ असताना गेला. नऊ फेब्रुवारी दोन हजार पंचवीस, रविवार, सकाळी.