पंचशीलाताईचं कुलूप

मित्रांनो, क्लासमध्ये फळ्याकडे बघता बघता डोक्यावरच्या जाळीतून हवेची झुळूक अंगावर येते, ती कुठून येते हे तुम्ही कधी गच्चीवर जाऊन बघितलंय? नाही ना? मी पाठवतो ती! लातूरच्या औसा रोडवर एका चार मजली क्लासच्या गच्चीवर मी बसलोय. मी एक जुना ब्लोअर आहे. कपाटाएवढी पत्र्याची पेटी, पेटीत पिंजऱ्यासारखं मोठं चाक, चाकाला पट्टा आणि पट्ट्याला मोटर. बाहेरची हवा ओढायची, गाळायची आणि पत्र्याच्या नळातून खाली सोडायची, एवढंच माझं काम.

एवढंच म्हणालो खरं, पण खाली दोनशे मुलं बसतात हो!

मला इथे आणलं तेव्हा त्र्याण्णवच्या भूकंपाला बारा वर्षं झाली होती. बारावीच्या क्लासेसनी तर गाव नुसतं फुललं होतं. नांदेडपासून, उदगीरपासून पोरं यायची, खोल्या करून राहायची. सिद्धेश्वर सरांचा फिजिक्सचा क्लास इतका चालायचा, की त्यांनी खिडक्या बुजवून एकच मोठा हॉल केला. रस्त्याचा आवाज थांबला, पण हवाही थांबली. पोरं न्यूटनच्या तिसऱ्या नियमापर्यंत पोचायच्या आतच पेंगायला लागायची. एक दिवस साक्षी नावाची मुरुडची मुलगी प्रश्नाचं उत्तर द्यायला उभी राहिली आणि तशीच खाली कोसळली. पाणी मारल्यावर डोळे उघडून ती पहिलं काय म्हणाली असेल? "सर, उत्तर येत होतं मला!"

त्याच आठवड्यात सरांनी मला मागवलं.

मला बसवायला दोघं आले. एक पाशामियाँ. पत्र्याच्या कामात त्यांचा हात धरणारं लातुरात कोणी नव्हतं. दुसरी पंचशीलाताई, आयटीआय करून नुकतीच वायरमन झालेली, ओढणी कमरेला गच्च बांधलेली. ती त्यांना चाचा म्हणायची. सर म्हणाले, "पाशामियाँ, कठड्याला टेकवून ठेवा याला. तेवढीच जागा वाचते."

पाशामियाँनी कठड्यावर थाप मारली. "न्हाई सर. ही एका विटेची भिंत हाय. हा रोज थरथरणार. याला खाली बीम लागतो, लोखंडी चौकट लागती."

"अहो, भिंत चांगली आहे की!"

"चांगलीच असती सर, पडेपर्यंत." पाशामियाँ हळू बोलले. "भूकंपानंतर सहा महिने मी पडलेल्या गावांत पत्र्याचे शेड उभे करीत होतो. दोन-दोन हात जाड भिंती होत्या लोकांच्या. भरवशानं झोपले होते सगळे. तवापासून मी कशालाच नुसतं 'हाय' म्हणत न्हाई. हात लावून बघतो, मग म्हणतो."

मला चौकट मिळाली, पायाखाली रबराच्या गाद्या मिळाल्या आणि चार बोल्ट. माझ्या शेजारच्या खांबावर स्विचपेटी बसली. तिचा दांडा खाली ओढला की माझी वीज तुटायची, आणि दांडा तसाच राहावा म्हणून तिला कुलूप लावायची कडी होती. त्या कुलपाची एकच चावी. पाशामियाँचा दंडक असा, की ज्याचा हात यंत्रात, चावी त्याच्याच खिशात.

पंचशीलाताईला हसू यायचं. "चाचा, दिवसातून आठ तास लाईटच नसती. कुलूप कशापायी?"

तिचं काय चुकलं सांगा! तेव्हा भारनियमनाचं वेळापत्रक लातुरात लहान पोरांनाही पाठ असायचं. दळण कधी न्यायचं, मोटर कधी लावायची, सगळं त्यावर चाले. मेस्त्री लोक तर लाईट गेली की बिनधास्त यंत्रात हात घालायचे. वीज येणार दोन वाजता, मग दोनपर्यंत भीती कसली?

मला सुरू करायचा दिवस शुक्रवारचा ठरला. सव्वादोनचा मुहूर्त. पाहुणे येणार, नारळ फुटणार, खाली हॉलमधलं हिरवं बटण दाबलं जाणार. पाशामियाँ जुम्म्याच्या नमाजाला निघाले. जाता जाता म्हणाले, "बेटा, ठोकळे निघाले का बघ."

प्रवासात माझं चाक हलू नये म्हणून कारखान्यात त्याच्याभोवती चार लाकडी ठोकळे ठोकले होते. ते न काढता मला चालवलं असतं, तर मी स्वतःलाच फोडून घेतलं असतं! तीन निघाले होते. चौथा चाकाच्या पार मागे अडकलेला. तिथे पोचायचं तर कोपरापर्यंत हात आत घालावा लागणार, चाक आणि पेटी यांच्या मधल्या चिंचोळ्या फटीतून.

ताईने घड्याळ बघितलं. एक पंचवीस. लाईट यायला पस्तीस मिनिटं. कुलूप पिशवीत, पिशवी गच्चीच्या दुसऱ्या टोकाला, आणि ऊन असं की फरशीवर पापड भाजावा. तिने बाही वर केली, मनगटापर्यंत हात आत घातला...

आणि थांबली.

"नुसतं 'हाय' म्हणू नको, हात लावून बघ म्हणं," ती स्वतःशीच चिडून पुटपुटली. हात बाहेर काढला. पाय भाजत पिशवीपर्यंत गेली. स्विचपेटीचा दांडा खाली ओढला, कुलूप अडकवलं, चावी खिशात टाकली. मग पुन्हा आली आणि कोपरापर्यंत हात आत घातला.

मित्रांनो, वर गच्चीवर आम्हा दोघांनाही एक गोष्ट माहीत नव्हती. पाहुणे लवकर आले होते. आणि पाहुण्यांना उकाड्यात कसं बसवायचं, म्हणून सरांनी शेजारच्या मंगल कार्यालयातून जनरेटर आणवला होता.

खालून एकदम धडधड ऐकू आली. ताईला वाटलं, रस्त्यावर ट्रक थांबला असेल. तिची बोटं ठोकळ्यावर होती, माझ्या चाकाची पाती तिच्या हाताला टेकलेली. मला खालून नारळ फुटल्याचा आवाज आला. मग टाळ्या. मी लोखंडाचा, मला कुठे ओरडता येतं!

काहीच झालं नाही. अगदी काहीच नाही. माझ्या आयुष्यातला सगळ्यात मोठा क्षण हाच, आणि त्यात मी जरासुद्धा हललो नाही!

थोड्या वेळाने सर चार जिने चढून घामाघूम वर आले. "ओ ताई! काय लावलंय हे? इज्जत घालवली की माझी! पाहुणे म्हणून राहिले, सर, तुमचं इंजिन रुसलं का? बटण दाबून दाबून बोट दुखायलं माझं!"

"कधी दाबलं सर?"

"आत्ता! चार वेळा!"

"लाईट तर न्हाई."

"जनरेटर आणलाय ना!"

ताईने हळूहळू हात बाहेर काढला. आधी कोपर, मग मनगट, मग मूठ. मुठीत चौथा ठोकळा.

सरांनी हात बघितला. खांबावरचं कुलूप बघितलं. आणि भर उन्हात, तापलेल्या गच्चीवर, नव्या इस्त्रीच्या पँटसकट मटकन खाली बसले.

"चार वेळा दाबलं मी," ते पुन्हा म्हणाले. पण आता आवाज अगदी वेगळा होता.

पाशामियाँ नमाजाहून आले, तेव्हा दोघंही तसेच होते. त्यांना सगळं कळलं. ते रागावले नाहीत, काही शिकवलंही नाही. ताईचा हात हातात घेऊन उलटासुलटा करून बघितला. "पाची हायत ना?"

"पाची हायत चाचा."

"मग चल. चाक कुण्या दिशेनं फिरतंय बघू."

पाहुण्यांना चहावर बसवलं. चहा झाला, फराळ झाला, पुन्हा चहा झाला! सर बटणापाशी उभे राहून जिन्यातून ओरडत होते, "दाबू का ओ ताई?" "न्हाई अजून!" "आता दाबू का?" "थांबा हो सर!" शेवटी माझी झाकणं घट्ट बसली, कुलूप निघालं आणि वरून हाक गेली, "दाबा! लगेच बंद करा!" चाक गर्रकन फिरलं, पण उलटं! पुन्हा कुलूप, पुन्हा चावी खिशात, दोन वायरींची अदलाबदल. आणि मग ताईने अख्ख्या औसा रोडला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, "दाबा सर, आता!"

अहाहा! काय सांगू! लातूरचं सगळं आभाळ माझ्या पोटात शिरल्यासारखं वाटलं. पाशामियाँनी खालच्या जाळीशी उदबत्ती धरली. धुराची सरळ रेघ वाकली आणि हॉलभर पसरली. मुलांच्या वह्यांची पानं फडफडली. साक्षी तोंड वर करून डोळे मिटून बसली होती. हवा दिसत नाही म्हणतात. मी त्या दिवशी ती सगळ्यांच्या चेहऱ्यांवर बघितली.

मग बरीच वर्षं माझं फार कौतुक झालं. ताई दर सहा महिन्यांनी यायची, माझी गाळणी धुवायची, पट्टा ओढून बघायची. पुढे तिने नांदेडला स्वतःचं दुकान टाकलं. पाशामियाँचे गुडघे धरले, जिना चढणं बंद झालं. आता माझी गाळणी डाळ मिलच्या भुशाने गच्च झालीय. आणि गेल्या वर्षी तर कमालच झाली! गुणवंतांच्या फोटोंचं मोठं फ्लेक्स वाऱ्याने फडफडतं, म्हणून कोणीतरी ते माझ्याच तोंडावर करकचून बांधलं. पंचाण्णव टक्केवाली चाळीस हसरी तोंडं, आणि त्यांच्या मागे मी धापा टाकतोय. खाली यंदाची पोरं पुन्हा पेंगतात.

मित्रांनो, ते फ्लेक्स सोडवायला सांगा ना कोणाला तरी. माझी गाळणी धुवायला सांगा. मी अजून दमलो नाही, शपथेवर सांगतो! पण जो कोणी वर येईल, त्याने आधी स्विचपेटीला कुलूप लावावं आणि चावी स्वतःच्या खिशात ठेवावी. लाईट गेलेली असली तरी. घाई असली तरी. खाली कोणी कितीही मोठा पाहुणा बसला असला तरी.

कारण मी मनापासून फिरतो, पण माझ्या चाकाला डोळे नाहीत. आत आलेला हात कोणाचा आहे, हे त्याला ओळखता येत नाही.