तळ्याची पट्टी

छबी गेली तेव्हापासून अंबुबाई रडली नव्हती. आषाढात गावात पटकी आली, सात वर्षांची पोर सकाळी आजारली आणि दिवस कलायच्या आत गेली. पहिल्यांदा बायका म्हणाल्या, धक्का बसलाय बिचारीला. पुढं म्हणायला लागल्या, काळीजच दगडाचं हाय. दोन्ही बोलणी अंबुबाईच्या कानांवर आली. दोन्ही तिला बरोबरच वाटली.

ती दळण दळत होती, भाकऱ्या थापत होती, शेण काढत होती. जेवणाची चव कळत नव्हती, पण जेवत होती. नवरा ज्योतीराम पिंपरीला नव्या कारखान्याच्या बांधकामावर जायचा. पहाटे सायकल काढायचा, अंधार पडता यायचा. तोही बोलायचा नाही. ताटावरून उठायचा आणि ओसरीवर जाऊन पडायचा.

अंबुबाई ग्रामपंचायतीची सभासद होती. बायकांसाठी जागा राखून ठेवलेली, म्हणून सरपंच दौलतरावांनी तिचं नाव घातलं होतं. सभेला जायचं, भिंतीकडेला बसायचं, सांगितलं की हात वर करायचा, एवढंच काम. छबी गेल्यावरही ती जात राहिली. घरी बसलं काय नि तिथं बसलं काय, सारखंच.

दिवाळी झाल्यावर दौलतराव स्वतः तिच्या दारी आले. पटकी तळ्याच्या पाण्यातून आली हे आरोग्य खात्याच्या माणसानं सांगितल्यापासून दौलतरावांनी पुण्याला लोकल बोर्डाच्या कचेरीत खेटे घालून वहाणा झिजवल्या होत्या. अखेर त्याला फळ आलं होतं.

"वैनी, पैसा मंजूर झाला," ते ओसरीच्या कडेला टेकत म्हणाले. "तळ्याला चहूबाजूंनी दगडी कठडा. धुणं धुवायला बांधाखाली घाट. गुरांना निराळा हौद. समदं बोर्ड देनार."

"बरं झालं," अंबुबाई म्हणाली.

"पर एक मेख हाय. ते म्हणत्यात, आमी बांधून दिऊ, पुढं राखनार कोन? राखणदार ठेवा, पाण्यात दवा टाका, आन् त्यासाठी घरटी पट्टी बसवा. गावानं पट्टी कबूल केली तरच पैसा. न्हाईतर दुसऱ्या गावाला."

"मग बसवा की."

"गाव ऐकंल व्हय? यशवंतराव तर आत्ताच शड्डू ठोकून उभा हाय. त्याच्या बारा म्हशी डुंबायच्या कुठं?" दौलतराव थोडे घुटमळले. मग आवाज उतरवून म्हणाले, "सभंत तुमी बोला. पोरीचं सांगा. आईच्या तोंडून ऐकलं की लोकांचं काळीज पाघळंल."

"मला रडू येत न्हाई सरपंच," अंबुबाई म्हणाली. पाऊस पडत नाही, असं सांगावं तसं तिनं ते सांगितलं. "कोरडं सांगितलं तर लोकं आनीक बिथरत्याल."

दौलतरावांनी तिच्याकडं पाहिलं आणि ते उठून गेले.

रविवारी मारुतीच्या देवळापुढं गाव जमलं. बांधकामाला सुटी, म्हणून ज्योतीरामही आला होता. दौलतरावांनी योजना सांगितली. कठड्यापर्यंत सगळे माना डोलवत होते. पट्टीचं नाव निघालं आणि गलका उठला.

"माझ्या आजेसासऱ्यानं खांदलंय ते तळं!" म्हातारी गोजाबाई उभी राहून कडाडली. "कुदळीनं हात फुटलं हुतं त्याचं. आन् आता त्याच्या नातसुनंनं पाण्याला पैसं मोजायचं?"

"पटकी काय आज आली?" यशवंतराव म्हणाले. "आमच्या बापजाद्यांनी ह्येच पाणी पिलं. पट्टी एकदा बसली का उठत नसती, मंडळी. आज पाण्याला, उद्या वाऱ्याला."

लोक हसले. हात वर करायला सांगितले असते तर पट्टी तिथंच बारगळली असती.

दौलतराव पारावर चढून उभे राहिले. "ज्योतीरामाची छबी समद्यांच्या अंगणात खेळली," ते म्हणाले. "मी त्या दिशी तिच्या उशाशी हुतो."

ते उशाशी नव्हते. सगळं आटोपल्यावर दारात येऊन उभे राहिले होते. अंबुबाईनं मान वर केली.

"पोरीला पानी पानी झालेलं," दौलतराव सांगत होते. "आई वाटी तोंडाला लावती, आन् त्या वाटीतच मरान! पोरगी आईचा हात धरून म्हनली, आई, मला बरं वाटंल का गं? आन् शेवटाला डोळं दाराकडं लावलं. बा, म्हनली. बा कवा येनार? बा, बा करत जीव सोडला तिनं."

बोलता बोलता दौलतराव खरोखरच रडले. बायकांनी पदर डोळ्यांना लावले. गोजाबाई मटकन खाली बसली आणि हुंदके द्यायला लागली.

अंबुबाई ऐकत होती. छबी असलं काही बोलली नव्हती. सकाळी दोन-तीनदा पाणी मागितलं, मग तिची जीभच वळेना. डोळे दाराकडं नव्हते. ते आढ्याकडं लागले होते आणि त्यांत ओळख उरली नव्हती. आईचीसुद्धा. हे कुणी विचारलं असतं तर अंबुबाईनं सांगितलं असतं. कुणी विचारलं नाही. दौलतराव ज्या पोरीचं सांगत होते ती दुसऱ्याच कुणाची तरी असावी असं तिला वाटत राहिलं. राग यायला हवा, हे तिला समजत होतं. तिनं आत वाट पाहिली. आला नाही.

दौलतरावांनी हात वर करायला सांगितले. एकेक करत हात वर झाले. यशवंतरावांनी इकडंतिकडं पाहिलं आणि मान खाली घातली. अंबुबाईचाही हात वर होता. पट्टी मंजूर झाली.

तेव्हा तिला ज्योतीराम दिसला. पुरुषांच्या घोळक्यात तो गुडघ्यांत डोकं घालून बसला होता आणि त्याची पाठ गदगदत होती.

घरी येताना तो पुढं चालत होता. दारात आल्यावर थांबला, पण वळला नाही.

"अंबू."

"काय?"

"तिनं माझं नाव घेतलं हुतं?"

अंबुबाईनं त्याच्या पाठीकडं पाहिलं.

"तू कधी सांगितलं न्हाईस," तो म्हणाला. "मला रोज वाटायचं, मी नव्हतो तिथं. पोरीला आपला बाप आठवला तरी आसंल का? खरं सांग. म्हनली का बा?"

त्या दिवशी तो उशिरा आला होता. सायकल अंगणात तशीच टाकून आत धावला, तेव्हा छबीला न्हाऊ घालून झालं होतं. अंबुबाईला ते आठवलं.

"व्हय," ती म्हणाली.

"किती येळा?"

"लई येळा."

ज्योतीराम उंबऱ्यावर बसला आणि तोंडावर हात घेऊन मोठ्यानं रडला. ती त्याच्याजवळ उभी राहिली. थोड्या वेळानं तिनं त्याच्या पाठीवर हात ठेवला. पाठ गरम होती. एवढंच तिला जाणवलं.

त्या रात्री तो दोन भाकऱ्या जास्त जेवला.

माघात काम सुरू झालं. दिघीकडच्या खाणीतून बैलगाड्यांनी दगड आला. अन्वर गवंडी आपली माणसं घेऊन तळ्याकाठी पाल ठोकून राहिला. शिमग्यापर्यंत कठडा झाला, घाट झाला. हौद झाला तेव्हा पहिल्यांदा म्हशी घेऊन यशवंतरावच आले. बायका मात्र कुरकुरत होत्या. धुणं घेऊन बांध उतरायचा, पिळे घेऊन पुन्हा चढायचा. पट्टी भरताना तर सगळेच कुरकुरत होते. पण भरत होते.

ज्योतीराम सुटीच्या दिवशी कामावर फुकट राबायचा. एकदा अंबुबाई त्याची भाकरी घेऊन गेली, तेव्हा तो अन्वरला दगड देता देता सांगत होता.

"शेवटपर्यंत शुद्धीत हुती. मला हाक मारत हुती. आईला म्हनली, बा आला का मला उठीव."

हे दौलतरावही बोलले नव्हते. अन्वरनं थापी खाली ठेवली. "या अल्ला," तो हळूच म्हणाला. मग अंबुबाईला बघून बाजूला सरकला. "या वैनी, सावलीला बसा."

ती बसली. तिनं फडकं सोडलं, भाकरीवर ठेचा ठेवला आणि नवऱ्यापुढं केला.

"अगं, तूच सांग ह्याला," ज्योतीराम म्हणाला. "तू हुतीस."

अंबुबाईनं कठड्यापलीकडं पाहिलं. पाणी खाली गेलं होतं आणि स्वच्छ दिसत होतं. छबी आढ्याकडं पाहत होती की दाराकडं, हे ती आठवायला गेली, आणि तिला दार दिसलं.

"हे सांगत्यात तसंच झालं," ती म्हणाली. "जेवा. कांदा आनलाय."